बाभळीची अर्धी ओवी

मी मेलेल्या शेळीच्या पोटात औषध भरत होते, तेव्हा ठकी बांधावर येऊन उभी राहिली.

औषध म्हणजे हुमणी अळी मारायला उसाच्या मुळाशी टाकतात ते, दाणेदार. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली होती, नाकाला पदर. पौषातली उन्हं उतरत होती, चार वाजले असतील. शेळी माझीच. आदल्या पहाटे बिबट्यानं गोठ्यातून ओढून नेली आणि अर्धी खाऊन उसाच्या कडेला टाकली. उरलेलं खायला ते परत येतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून मी शेळी तारेनं खुंट्याला बांधली आणि तिचं पोट भरायला बसले.

ठकी माझी धाकटी जाऊ. आमचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. विहीर एक, बांध एक, घरं हाकेवर, तरी बंद म्हणजे बंद. अगदीच नड पडली तर म्हशीला सांगायचं. माझी भुरी म्हैस बांधालगत बांधलेली असायची. "भुरे, मोटर लावलीय म्हणावं, उद्या दुपारपर्यंत पाणी आमचं." ठकी ऐकायची आणि तिकडून भुरीलाच उत्तर द्यायची. आमच्या घरातलं भुरीला जेवढं ठाऊक होतं तेवढं वकिलालाही नसेल.

बंद का झालं, तेही सांगते. पोपटच्या लग्नात हळद दळायला बायका जात्यावर बसल्या. पोपट माझा एकुलता मुलगा, आणि मांडवात विहीण बसलेली. ठकीला ओवी जोडायला वेळ लागत नसे. जात्याचा एक फेरा पुरा व्हायच्या आत तिची ओळ तयार. त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघत गळा काढला:

थोरली माझी जाऊ । जशी दारची बाभळ
काट्याला गं कमी नाही । सावली ती विरळ

बायका हसल्या. विहीण पदराआड हसली, ते मला जास्त लागलं. ठकी पुढं म्हणणार तोच मी जात्याचा खुंटा धरला. "झालं दळण. उठा."

जातं थांबलं, ओवी थांबली नाही. सगळ्या वस्तीच्या तोंडी झाली. आमच्या दारात खरीच एक बाभळ होती. वीस वर्षं मी तिच्याखालून ये-जा केली, तिच्या शेंगा शेळ्यांना घातल्या. काटे असे कधी डोळ्यांत भरले नव्हते. त्या दिवसापासून मला काट्यांखेरीज काही दिसेना. पोपटला सांगून मी ती तोडवली. गुडघाभर बुंधा तेवढा राहिला.

तर ती ठकी बांधावर उभी होती. डोक्यावर गवताचा भारा.

"भुरे," मी म्हणाले, "बघायला आलेल्यांना सांग, तमाशा रात्रीचा असतो."

ठकी भुरीकडं वळली नाही. भारा खाली ठेवला.

इथं घरातलं सांगायला हवं. माझी लेक शैला बाळंतपणाला आली होती. पोरगी झालेली, अकरा दिवसांची. दुसऱ्या दिवशी बारसं. बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या अंगाला, आणि खिडकीपासून पन्नास पावलांवर उसाचा शेवटचा तुकडा. बाकी सगळा ऊस तुटून कारखान्याला गेला होता. हा तुकडा तोडायला टोळी तयार होईना, कारण आत जनावर बसलेलं. दिवेलागणीनंतर आम्ही त्याचं नाव घेत नाही, जनावर म्हणतो. सहा दिवस ते घराभोवती फिरत होतं. पहिल्या दिवशी गोठ्यापाशी पाऊल दिसलं. मग चुलवणापाशी. चौथ्या दिवशी खिडकीखाली, ओल्या मातीत, माझ्या तळव्याएवढं.

ते पाऊल मी पायानं पुसलं. शैलाला सांगितलं नाही. पण बाळंतिणीला सांगावं लागत नाही. ती झोपेना. पोरगी रडली की घाबरून तिचं तोंड छातीशी दाबायची, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. आणि त्या सकाळी मला म्हणाली, "आई, दूध उतरंना गं."

जंगल खात्याचा माणूस येऊन बघून गेला होता. पिंजरा परवा मिळेल म्हणाला. परवापर्यंत माझ्या नातीनं काय प्यायचं? सून माहेरी गेलेली, आणि पोपट उसाची गाडी घेऊन कारखान्यावर गेला होता, तो मध्यरात्रीशिवाय यायचा नव्हता. मग मी हुमणीच्या औषधाचं पोतं उघडलं.

ठकीनं घसा खाकरला. माझ्याकडं बघितलं नाही. उसाकडं बघत, जात्यावर म्हणतात तशा संथ लयीत तिनं म्हटलं:

उसाच्या गं खोलीमंदी । बाळंतीण एकली
नाही शेक, नाही धुरी । भुकेनं ती वाकली

माझा हात थांबला.

माय नाही, माहेर नाही । कोण देई डिंकलाडू
शेळी तिनं उचलली । तिला चोर नको म्हणू

"भुरे," मी म्हणाले, "विचार तिला, हे काय खूळ काढलंय?"

"भुरे," ठकी म्हणाली, "गवत कापताना बघितलं म्हणावं. दोन हायेत. मांजराएवढी. डोळे नुकते उघडलेत. पाचटात गुंडाळून ठेवल्यात."

"मग तर बरंच झालं. तिघांचा एकदम निकाल लागंल."

ठकीनं भारा उचलला. "भुरे, सांगून झालं माझं," म्हणाली आणि गेली.

मी शेळीचं पोट दाभणानं शिवलं. पिशवी पुरली. हात राखेनं तीन वेळा धुतले. मनात म्हटलं, हिला काय जातंय ओव्या जोडायला, हिच्या घरात कुठं अकरा दिवसांचं पोर आहे.

मग शैलाला वाढायला गेले.

खोलीत बाळंतशेपाची धुरी कोंडली होती. बाजेखाली शेगडी, उशाशी विळा. शैला बाजेवर कुशीवर पडली होती, पोरीभोवती कमरेतून वाकून, गुडघे पोटाशी घेऊन. अकरा दिवस मी तिला तशीच बघत होते. पण दारात उभी राहिले आणि माझ्या डोक्यात आपोआप आलं: भुकेनं ती वाकली.

"आई, अशी काय बघतीस?"

"काय नाय. जेव."

बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर तुपाची धार. ती उठून बसली आणि अधाशासारखी खाऊ लागली. खाता खाता दाराकडं बघत होती. पोरगी झोपेतच तोंड हलवून दूध शोधत होती. मी डिंकाच्या लाडवाचा डबा काढला, आणि उघडताना झाकण निसटून पडलं, वाजलं. शैला दचकली. तिनं पोरीवर हात ठेवला आणि उशाशी विळा चाचपला. तिचे डोळे बघून मला वाटलं, आत्ता कोणी या दारातून आलं तर ही त्याला फाडील.

मला ठकीचा असा राग आला की सांगता सोय नाही. आपल्याला एक गोष्ट धडपणे करायची असते, आणि कोणीतरी येऊन दोन ओळी कानात टाकून जातं. जनावर होतं तेव्हा सोपं होतं.

सूर्य डोंगराला टेकला. मी शैलाच्या खोलीच्या, उसाकडच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले. एका बाजूला कोयता, दुसऱ्या बाजूला पितळी परात, वाजवायला. शैलाला सांगितलं, आतून कडी लाव. ती म्हणाली, "तू बाहेर अन् मी कडी कशी लावू? धूर कोंडतोय." दार उघडंच राहिलं.

आधी साळुंक्यांचा आवाज थांबला. मग भुरी दाव्याला हिसके देऊ लागली. उसाची पानं हलली, वारा नसताना, एकाच जागी. आणि ती बाहेर आली.

सहा दिवस मी तिचे दात डोळ्यांसमोर आणत होते. नखं आणत होते. खरी ती आली तेव्हा मला पहिल्यांदा तिच्या बरगड्या दिसल्या. मग पोट. पोटाला लोंबणारी थानं, आणि त्यांच्या भोवतीचे केस ओले, चिकटलेले, चोखलेले. आत्ताच पाजून आली होती. माझ्या शैलाचा पदर तसाच ओला असायचा, दूध उतरत होतं तोवर.

ती शेळीजवळ गेली. मान खाली घातली.

पुढचं मी केलं असं मला म्हणवत नाही. ते झालं. परात हातात होती आणि मी पळत होते. घराकडं नाही, तिच्याकडं. "हाऽड! हाऽड!" ओरडत, परातीवर कोयत्याचा दांडा आपटत. साठीच्या घरातली बाई, नऊवारीचा काष्टा सुटलेला, बिबट्याच्या तोंडातला घास काढायला धावत होते.

अर्ध्यात पोहोचले आणि मला आठवलं, मागं दार उघडं आहे.

पाय तिथंच रुतले. तीही थांबली होती. मान वर करून माझ्याकडं बघत होती. आमच्यात वीस पावलं असतील. आणि त्याच वेळी घरात माझी नात रडायला लागली. तिचं मोकळं, मोठं रडणं, कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कोणी दाबलं नव्हतं. बिबट्याची नजर माझ्यावरून हलली. माझ्या खांद्यापलीकडं गेली. कान पुढं झाले.

परात वाजवावी म्हटलं तर हात उचलेना. एवढंच कळत होतं, की मी तिची आणि त्या दाराची सरळ रेघ अडवून उभी आहे, आणि एक पाऊल बाजूला झाले तर रेघ मोकळी होईल. म्हणून मी उभी राहिले. मुतले असेन तरी ठाऊक नाही.

"अक्का."

सहा वर्षांनी तो शब्द ऐकला. ठकी बांधावरून येत होती, हातात जळत्या पाचटाची पेंढी.

"अक्का, पाठ दाखवू नका. हळूहळू मागं सरा. मी आले."

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. जाळ तिनं पुढं धरला होता, ठिणग्या माझ्या पदरावर पडत होत्या. दोघी एकमेकींना चिकटून मागं सरत राहिलो. ती तिथंच उभी राहून बघत होती. उसात कुठंतरी बारीकसं म्यांव केल्यासारखं झालं. तिनं मान वळवली, आणि पानं मिटली.

"आई," आतून शैला म्हणाली, "कोण हाय बाहेर?"

"ठकी आलीय," मी म्हणाले. "कडी लाव आता."

मग आम्ही दोघींनी ती शेळी ओढून आणली, गुरांच्या खड्ड्यात पुरली, वर चुना टाकला. जाळ शेजारी पेटता ठेवून. ठकी खणता खणता म्हणाली, "तोंड लावलं का हो तिनं?"

"मला दिसलं नाय."

"मान खाली घातली होती."

"घातली होती. लावलं का नाय ते दिसलं नाय."

मी खुराड्यातल्या दोन कोंबड्या काढल्या, माना पिरगाळल्या आणि जाळ घेऊन उसाच्या कडेला टाकून आले. ठकी बघतच राहिली.

"बघतीस काय? बाळंतीण दारात उपाशी राहिली म्हणून उद्या ओवी करशील."

रात्रभर आम्ही दोघी शैलाच्या खोलीत बसून होतो. पोपट आला, ऐकून घेतलं, डोक्याला हात लावून झोपला. मी मात्र कान उसाकडं लावून. आधी सहा दिवस मी तिचा आवाज येऊ नये म्हणून देव पाण्यात घातले होते. त्या रात्री आवाज यावा म्हणून बसले होते. ती मेली तर ती दोन पोरं आठ दिवस ओरडत मरणार, आणि माझी शैला खिडकीपाशी ते ऐकत पाजणार. त्या औषधाचे दाणे मी माझ्या हातानं मोजून घातले होते. भीती काय असते ते मला त्या रात्री कळलं. आधीची नुसती घाबरगुंडी होती.

तांबडं फुटताना ठकीनं माझं मनगट धरलं. खिडकीतून तोडलेल्या उसाचं मोकळं रान दिसत होतं, वर धुकं. ती उसातून निघाली. तोंडात काहीतरी लोंबत होतं, मानेच्या कातड्याला धरलेलं. घाई नाही. रान ओलांडून ओढ्याकडं उतरली. मग रान रिकामं. किती वेळ, देव जाणे. शैलाही उठून आमच्यामागं उभी होती, पोरीला घेऊन.

"दुसरं?" शैला कुजबुजली.

ती परत आली. रिकाम्या तोंडानं. उसात शिरली, दुसरं घेऊन निघाली. रानाच्या मधोमध थांबली, पिल्लू खाली ठेवलं, तोंडातली पकड नीट केली, पुन्हा उचललं. खिडकीकडं एकदा बघितलं, किंवा आम्हाला तसं वाटलं. मग ओढ्याच्या झाडीत गेली.

शैला बाजेवर बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आई, पदर भिजला गं."

बारशाला ठकी पाळणा म्हणायला आली. बोलावलं कोणी नव्हतं. भुरीनं सांगितलं असेल.

गोष्ट इथं संपती तर बरी होती. पुढच्याच्या पुढच्या वर्षी, दोन कोसांवरच्या वस्तीत, अंगणातून बिबट्यानं पाच वर्षांची पोरगी उचलली. लोकांनी पाठलाग केला, त्यानं टाकून दिली. पोरगी जगली. पाठीवर एकोणीस टाके. बाजारात एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली, "कोंडाबाईनं जेवू घातलेली असंल." मी तिला उत्तर दिलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. पण घरी येऊन भाकरी गिळेना. ती तीच होती की दुसरी? तिचं पोर होतं का वाढलेलं? कोण सांगणार. आजही त्या पोरीचं लग्न कुठं झालं, मुलंबाळं किती, हे मी विचारत असते. कशासाठी विचारते ते कोणाला सांगत नाही.

ठकीनं मात्र ओवी सोडली. हळदीला बोलावलं तर घसा बसलाय म्हणायची. दळताना नुसती जात्याची घरघर. चार महिने मी ऐकलं, आणि एका तिसऱ्या प्रहरी तिच्या घरी गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा तिचा उंबरा ओलांडला. ती जात्यापाशी बसली होती, तोंड मिटून.

"मी ती ओवी म्हटली नसती तर," ती म्हणाली. मी अजून टेकलेही नव्हते.

"तर मी मारली असती."

"अन् त्या पोरीची पाठ..."

"ते मला नको सांगूस. पळत मी गेले होते. तू नव्हतीस गेली."

"पाठवलं मीच ना."

जात्यापलीकडं बसले. जात्याचा खुंटा धरला, सहज.

"माझी एक ओवी तुझ्याकडं अर्धी राहिलीय," मी म्हणाले. "बाभळीची. पुरी कर."

"आता कशाला? बाभळ तर तुम्ही तोडली."

"ओवी कुठं तुटली? सगळी वस्ती म्हणती. पुढं काय होतं?"

"काय नव्हतं."

"ठके. पुढं म्हणायला तू तोंड उघडलं होतंस. मी बघितलंय."

तिनं जात्यात मूठभर दाणे टाकले. मग गळा न काढता, नुसतं बोलल्यासारखं म्हणाली:

त्याच काट्यांच्या आडोशाला । होल्याची गं पिलं चार
वरून फिरून गेली घार । तिला सापडंना दार

बाहेर कोंबडी ओरडत होती. मी लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होते.

"हे त्याच दिवशी जोडलं होतंस?"

"अक्का, ओवी अर्धी जोडतात व्हय? होल्याचं घरटं खरंच होतं तुमच्या बाभळीत. मोठ्या फांदीच्या बेचक्यात. तुम्ही कधी वर बघितलंच नाय."

बाभळ तोडली तेव्हा फांदीत काय होतं, हे मी पोपटला कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही.

"विरळ सावली म्हटलंस ते तसंच ठेव," मी उठत म्हणाले. "ते खरंय."

ठकी हसली. मी दारापर्यंत गेले आणि मागं जातं फिरायला लागलं, आणि थोड्या वेळानं, जात्याच्या घरघरीखालून, तिचा आवाज.

परतताना उन्हं गेली होती. तिच्या घरापासून माझ्या घरापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते, त्या वर्षी ऊस डोक्याच्या वर गेलेला. आमच्याकडं माणसं अशा वाटेनं आवाज करत जातात. कोणी खोकतं, कोणी रेडिओ लावतं, बायका गाणी म्हणतात, म्हणजे जनावराला आधी कळतं आणि ते बाजूला होतं. मी कधी गायले नव्हते. काठी आपटत जायचे. त्या दिवशी काठी आणली नव्हती.

डाव्या हाताला पानं हलली. वारा नव्हता.

मी थांबले. अंगावर काटा आला, तो थेट मानेपर्यंत. मग मी तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा, बेसूर, उसाच्या पार टोकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायला लागले: थोरली माझी जाऊ, जशी दारची बाभळ.

पानं पुन्हा हलली, जरा जवळ. मी पुढची ओळ म्हटली आणि पाय उचलला.